कडूबाईंनी पाहिलेला टास्क मॅनेजर

फुलंब्रीला माझं टायपिंगचं दुकान होतं, तेव्हाची गंमत सांगतो. साल दुष्काळाचं. आमच्या सरपंच कडूबाई गावासाठी टँकरचा अर्ज टाइप करून घेत होत्या. सगळे टँकर शहरातल्या नव्या वसाहतींकडं वळायच्या आत तो तहसीलला द्यायचा होता, अन् कॉम्प्युटर नुसता रखडत होता.

मी टास्क मॅनेजर उघडला. आतल्या आत चालू असलेल्या प्रोग्रामची लांबलचक यादी बघून बाई म्हणाल्या, "एवढे जण कामाला? दिसत तर कुणीच नाय!"

"निम्मे फुकटे असतात, मावशी," म्हणत मी अनोळखी नावं बंद करत सुटलो. एकदा मशीननं विचारलं, "नक्की बंद करू?" मी ऐटीत हो दाबलं. स्क्रीन काळी झाली अन् कॉम्प्युटर आपोआप परत सुरू झाला.

अर्ज सेव्ह केलेला नव्हता. टायपिंगचा प्रोग्राम उघडला, तर अर्ज हजर! मला ठाऊक नसताना तो प्रोग्राम दर थोड्या वेळानं अर्ज आतल्या आत जपून ठेवत होता. फक्त शेवटच्या दोन ओळी गेल्या होत्या.

अर्ज वेळेत पोचला. परतताना बाई दुकानाशी थांबल्या. "दादा, पुढच्या बारीला कुणाला काढायच्या आधी त्याला, 'तू काय काम करतो?' एवढं तरी इचारत जा."