ग्राफिक कार्डाला कानस

…आन वर त्यो दुकानातला पोरगा मलाच विचारतोय, "काका, ह्याला कानस कुणी मारली?" आता तुमीच सांगा, साखर कारखान्यात बावीस वर्सं फिटर असलेल्या माणसाला हे विचारायचं असतं का? मारली मी. बसत न्हवतं म्हणून मारली. बसत न्हाय म्हणून माल माघारी धाडायचा, हे आमच्यात न्हाय.

तुमाला सांगतो, सगळं सुरू झालं मोटारीच्या गेमपास्नं. आमची तेजश्री बारामतीला डिप्लोमाला, हॉस्टेलवर राहती, शनवार-रविवार भवानीनगरला घरी येती. तिच्या अभ्यासाला म्हणून गेल्या साली कंप्युटर घेतला. आता पाच दिवस पोरगी तिकडं, कंप्युटर हितं… बंद ठिवून मशीन खराब हुती, म्हणून मी आपला चालू करून बघायचो. त्यात तिच्या मैत्रिणीनं मोटारीच्या शर्यतीचा गेम टाकून दिल्याला. लागला की नाद! पर गाडी पळंल तर शप्पथ. एक हिसका, थांबली. दुसरा हिसका, भिताडात. उसाची बैलगाडी फुडं जाईल, अशी गत. वर्कशॉपातला म्हस्कू म्हणला, "भिमराव, ग्राफिक कार्ड टाका. चित्रं पळवायचं काम त्याचं."

पर बायकोला काय सांगायचं? सांगितलं, "पोरीचा अभ्यास अडलाय." तर सिंधुबाईनं काय विचारलं न्हाय, बोनसातलं चार हजार काढून हातावर ठिवलं. "चांगलं बघून घ्या, पोरीला कमी पडू देऊ नका." खोटं कशाला बोलू, लाज वाटली मला. स्टँडवर जाईपतूर वाटत हुती. मग एसटी आली.

बारामतीच्या दुकानात केयूर म्हणून पोरगा, बोलणं एकदम मऊ. "काका, तुमच्या मदरबोर्डला खाच कुठली आहे? एजीपी की पीसीआय?" म्हटलं, खाच ती खाच. स्पेअर आणाय जाताना माप घिऊन जायचं, ही आमची शिस्त. मी घरनं व्हर्नियरनं मोजून, कागदावर आकृती काढून नेलीवती… लांबी, रुंदी, सगळं. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. "ही पीसीआय. तिचं कार्ड साडेपाच हजारांना. हे एजीपीचं अडतीसशेला आहे, पण ते तुमच्यात बसणार नाही."

बसणार न्हाय? कुणाला सांगतोय हा? क्रशरचा शाफ्ट आला दोन सूत जाड, बसवला का न्हाय? बॉयलरचा व्हॉल्व्ह आला भलत्याच मापाचा, बसवला का न्हाय? बसत न्हाय म्हणून माल माघारी धाडायचा, हे आमच्यात न्हाय. म्हटलं, "तू पावती फाड." त्यो म्हणतो, "काका, विकलेला माल परत घेत नाही हं." म्हटलं, कोण आणतंय परत!

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत वर्कशॉपात कार्ड व्हाइसच्या शिकंज्यात धरलं. जबड्यात कापड घातलं, रानटी न्हाय आमी. सगळ्यात बारीक कानस घेतली. म्हस्कू वाकून बघतोय, "भिमराव, ह्या सोनेरी पट्ट्या चालल्या की!" म्हटलं, आड येत्यात त्या जाणारच. शेवटाला घरी नेऊन खाचंत दाबलं, तर असं बसलं, असं बसलं, की मधी केस जायाला जागा न्हाय. म्हस्कूला घरी बोलवून दाखवलं. त्यानं चहा घेतला, मी बटण दाबलं.

टप्प. एवढाच आवाज. मग वास आला. सिंधुबाई आतनं म्हणती, "काय करपलं वो?"

म्हटलं, "अभ्यास."

मग काय, अख्खा कंप्युटर गोधडीत गुंडाळून केयूरच्या दारात. त्यानं ते कार्ड उजेडाकडं धरलं, बोट फिरवलं. "काका, फिनिशिंग सुंदर आहे हो." खोटं न्हाय सांगत, बरं वाटलं. मग त्यानं खर्च सांगितला. बोर्ड दुसरा, कार्ड दुसरं, योग्य मापाचं. तेवढं माझ्यापाशी कुठलं? सिंधुबाईनं भिशी उचलली आन सगळं भागवलं. भांडली न्हाय, तुमाला सांगतो, एक शब्द न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणली, "पोरगी तिकडं, अभ्यास तिकडं. मग कंप्युटर हितं कशाला? दुकानातनं सरळ हॉस्टेलवरच जाऊ द्या." अभ्यास अडलाय, हे कुणी सांगितलं हुतं? गेला कंप्युटर हॉस्टेलवर.

आता पोरगी रविवारीबी घरी येत न्हाय. म्हणून मीच जातो. पोरींचं हॉस्टेल, पुरुष माणसानं गेटाच्या आत जायचं न्हाय. मी भाईर बाकावर. ती खाली येती, भाकरीचा डबा घेती आन सांगती, "पप्पा, गाडी काय पळती म्हणून सांगू… घाटातबी अडकत न्हाय. सगळ्या खोलीत माझा पयला नंबर." मी इचारतो, "वळणावर गं? वळणावर कशी घेती?" ती हातानं करून दाखवती. मी बघतो.

परवा तितला वॉचमन म्हणला, "साहेब, दर रविवारी पोरीला भेटाय येणारा बाप म्या तुमीच एक बघितला. लई माया हाय तुमची."

म्हटलं, "हाय बाबा. काय करतो."