मुरबाडच्या प्रयोगानंतर दादांनी हात जोडले

वहिनी, दादांची लेकरं, आणि डोळखांबपासून मुरबाडपर्यंतच्या गावांतून कामं टाकून आलेली तुमी सगळी माणसं. दादांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय खरं, पण समोर त्यांचा फोटो आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी सुगंधा, शेणव्याची. एकोणीस वर्षांची होते तेव्हा. विनायकदादा मुंबईत प्रायोगिक नाटकं करून शहापूरला परतले होते. पडदा नाय, स्टेज नाय. भाताच्या खळ्यावर नाटक करायचे. स्वतः नटही मोठे. नुसते पाठ फिरवून उभे राहिले, तरी माणसं गप्प व्हायची.

पहिल्या नाटकात मी सून आणि दादा सासरे. सासरा जमीन विकायला निघतो, विधवा सून कागदावर सही करत नाय. तालमीत मी म्हणायचे, "मी नाय करणार सही." दादा ओरडायचे, "नाही! नाही म्हण. शेणव्याचं बोलणं घरी ठेवून येत जा!" मी घरी जाऊन रडायचे. आई म्हणायची, "नको जाव गो."

गेले तरी. पहिला प्रयोग मुरबाडला, भर दुपारी. मी घोकलेलं म्हटलं, "नाही. मी सही करणार नाही." पुढं बसलेली एक बाई मोठ्यानं बोलली, "ही काय बातम्या वाचतेय?" सगळे हसले. माझं पुढचं सगळं पुसलं गेलं. पळून जावं वाटलं.

दादा थांबले. माझ्याकडं बघितलं. आणि नाटकात नव्हतंच ते बोलले, आपल्या बोलीत. "सही कर गो. कशाला नाय म्हणतेस?"

माझ्या पोटातनं आलं, "नाय करणार! माजा घरवाला या मातीत राबून मेला. नाय करणार!"

कुणी हसलं नाय. ती बाई पदरानं डोळे पुसत होती.

प्रयोग संपला. टेम्पोत सामान भरत होतो. दादा सगळ्यांसमोर माझ्यापुढं आले, हात जोडले. म्हणाले, "सुगंधा, चूक माझी झाली. मला माफ कर." मला कुठं बघू कळंना. बापाच्या वयाच्या माणसानं माझी माफी मागितलेली मी कधी बघितली नव्हती. तुमी बघितलीय?

मग त्यांनी अख्खं नाटक नव्यानं लिहिलं. डोळखांबच्या पाड्यांवर खेळलो. बाया मधेच सांगायच्या, असं नाय, असं बोलतात. दादा वही काढून लिहून घ्यायचे. पुढं स्पर्धेत परीक्षक म्हणाले, भाषा अशुद्ध आहे. नंबर गेला. आमी रडलो. दादा म्हणाले, "उद्या सकाळी तालीम. वेळेवर या." बारा वर्षं त्या तालमी चालल्या. मी लोकांपुढं उभी राहायला शिकले ती तिथंच.

शेवटी गळ्याच्या आजारानं त्यांचा आवाज गेला. भेटायला गेले तर उशाखालची वही हातात दिली, वाच म्हणून खूण केली. मी वाचत गेले. चुकलं की ते चुटकी वाजवायचे. नवं नाटक होतं, अर्धं.

ती वही माझ्याकडं आहे. वहिनी, उरलेलं आमी सगळी मिळून लिहू. पहिल्या प्रयोगाला तुमी यायचं. पुढं बसायचं.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. दादा, तुमच्या सुगंधाचा नमस्कार घ्या.