निंबावरची गुळवेल

आमचं मूळ घर विंझरच्या वरच्या अंगाला. वडील शेती करत, मी शिकलो, मास्तर झालो, उभा जन्म वेल्हे तालुक्यातच शिकवलं, आणि शुद्ध बोलणं ही माझी खोड नव्हे, शिस्त आहे, हे, माझं सांगणं टिपायला वही घेऊन आलाच आहात तर, आधी लिहून घ्या. कारण गावात आमच्या घराविषयी जे बोललं जातं, ते अशुद्धही आहे आणि खोटंही.

माझा मुलगा संतोष, त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, माझा मधुमेह आडवा आला, त्याच्या आईचा रक्तदाब आडवा आला, तेव्हा सूनबाईनं, माहेर शिवऱ्याचं त्या मनीषानं, आपलं एक दिलं. दोन वर्षं सुरळीत गेली. आता बिघडलं, तर चावडीवर म्हणतात, गुरुजी, परक्या घरची किडनी ती, किती दिस नांदंल? बायकांचं तर काय सांगू तुम्हाला, म्हणे तिनं मनापासून दिलीच न्हाई, सासऱ्याच्या धाकानं दिली, म्हणून अंगी लागली न्हाई. मी तोंडावर सांगितलं, मूत्रपिंडाला सासर-माहेर नसतं.

खरं काय ते ऐका. गेल्या तपासणीला पुण्यात रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचं माप, ठीक आलं, मी परतीच्या एस्टीची वेळ पाहू लागलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, लघवीच्या दुसऱ्या तपासणीवरून आत सूज वाटते. मी म्हणालो, बाई, सूज कुठं आहे, पाय बघा, चप्पलसुद्धा सैल आहे त्याची. त्या म्हणाल्या, ही सूज डोळ्यांना दिसत नाही. शरीराच्या राखणदार पेशींना सांगावा जातो, इथं परकं कुणी आहे, धावा. तो सांगावा म्हणजे एक प्रकारची प्रथिनं, ती लघवीत वाढली आहेत. क्रिएटिनिन चढतं ते नुकसान झाल्यावर, सांगावा त्याआधी निघतो. मग त्यांनी संतोषला विचारलं, गोळ्या चुकल्या? नाही. दुसरं काही घेता? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाला.

माझ्यासाठी खोटं बोलला तो. दोन महिने रोज सकाळी मी त्याला गुळवेलीचा काढा पाजत होतो, बांधावरच्या निंबावर चढलेली, निंबावरची म्हणजे सगळ्यांत गुणकारी, मी स्वतः कापून, ठेचून, उकळून, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. गोळ्या त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी, आणि मी, शरीरशास्त्राचे धडे दिलेला माणूस, तिला रोज उठवत होतो. मनीषा म्हणाली होती, आण्णा, डॉक्टरास्नी इचारून द्या की. मी म्हणालो, मला शिकवू नकोस.

दवाखान्याच्या फाटकातून मागे फिरलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, काढा आजच बंद करा, पण त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासू. सांगता येत नाही, हे मला मान्य नाही. त्यांना सांगता येत नसेल, मला येतं.

परवा तुकडा काढला. निकाल उद्या. संतोष तिकडेच आहे, त्याची आई उशाशी, मनीषा त्याचे कपडे न्यायला आज घरी आली आहे. फोन वाजला की आम्ही दोघंही आधी एकमेकांकडे बघतो. गावाचं बोलणं तिच्या कानावर जातं, ती मान खाली घालून काम करते, आणि मी, गावाशी भांडणारा, तिच्यापाशी तोंड उघडत नाही.

झालं ना लिहून? मग तिला बाहेर बोलवा आणि काढ्याचं तेवढं मोठ्यानं वाचा. मी इथंच बसतो. ती काय म्हणायची ते म्हणो, निकाल काय यायचा तो येवो. त्या पोरीचं भलं होवो.