सबीनाने यंदा काय सोडलं

एकादशीला दुप्पट खाणारे विद्याधरपंत वाकोल्यात दुधाच्या रांगेत उभे होते. पुढे दोन ख्रिस्ती शेजारणी.

"सबीना, ईस्टरपर्यंत मटण सोडलंस ना गो?"

"मटण दरवर्षीच सोडते. यंदा जावेशी धरलेला अबोला सोडला."

"आंब्याच्या झाडावरून नऊ वर्षं चाललेला?"

"तोच. रोज सकाळी तिच्या खिडकीखाली उभी राहून विचारते, 'बरी आहेस ना, आग्नेस?'"

"आणि ती?"

"खिडकी आपटते. तीन आठवडे आपटली."

"मग आज एवढी फुललीस कशाला?"

"आज दुधासाठी घाईत तशीच निघाले, तर खिडकी उघडून तीच ओरडली, 'सबीने, आज विचारलं नाहीस! मेलीस काय?'"

"अगो बाई! तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, दूध घेऊन येते, चहाचं आधण ठेव!"