उशीवरचा सराव

कानाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारे व्हायोलिनवादक आणि त्यांची ड्रमर मुलगी बसली होती.

“डॉक्टरांना सांगणारच आहे मी, पोरीच्या ड्रमनं माझा कान गेला म्हणून.”

“खुशाल सांगा. पण बाबा, घरात मी ड्रम वाजवलाय कधी? तुमच्या सरावात व्यत्यय नको म्हणून दहा वर्षं उशीवर काठ्या बडवल्या मी. उशा फाटल्या म्हणून आईचा मार खाल्ला, तोही मुकाट्यानं.”

“आता ते कशाला उकरून काढतेस?”

“कुठला कान गेलाय तुमचा?”

“डावा.”

“आणि चाळीस वर्षं व्हायोलिन कुठल्या खांद्यावर धरत आलात?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”