घट्ट झाकण

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे सासरे आणि सून उभे होते.

"मामा, फिल्टर नवा, नळीतली हवाही काढली. तरी ट्रॅक्टर थोडं चालून बंद पडतोय."

"म्हणून म्हणतो, डिझेलचा पंपच बदलू. उद्या पेरणी आहे."

"बंद पडल्यावर तुम्ही काय करता?"

"टाकीचं झाकण उघडून डिझेल बघतो. मग लगेच सुरू होतो गुलाम."

"झाकणाखाली प्लास्टिक कुणी बांधलं?"

"मीच. पाणी जाऊ नये म्हणून."

"मग टाकीत हवा तरी कुठून जाणार? हवा आत गेल्याशिवाय डिझेल खाली उतरत नाही."

"म्हणजे मीच त्याचा गळा आवळला?"

"मायेनं आवळलात."

"काका, नवा पंप काढू का?" दुकानदारानं विचारलं.

"राहू दे. आधी प्लास्टिक काढून बघतो. चालला, तर उद्या पेरणीला हीच बसेल ट्रॅक्टरवर."

"आणि बाळाला कोण सांभाळेल, मामा?"

"मी आहे ना."