दुसरी टेकडी

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाई आपली मान दुखतेय हेच विसरल्या. शेजारी गुडघे चोळत बसलेल्या आजी-आजोबांची चांगलीच जुंपली होती.

“एका दुपारी दोन टेकड्या चढायची हौस कुणाला होती?”

“तुलाच. पहिली उतरलो, तर तू थेट दुसरीच्या वाटेला लागलीस.”

“तुम्ही नळावर बाटली भरून घेतलीत. मला वाटलं, अजून चालायचंय तुम्हाला.”

“मला तहान लागली होती गं.”

“मग घरी चल म्हणायचं.”

“गुणगुणत चालली होतीस. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मोडता घालवेना मला.”

“धाप लागलेली तुम्हाला कळू नये म्हणून गुणगुणत होते.”

तेवढ्यात नर्सने दारातून विचारलं, “पेशंट कोण?”

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.